रिकाम्या बाटलीचा टेबल लॅम्प: काच निवडण्यापासून प्लग लावेपर्यंत

सरबताची जाड बाटली, लोणच्याची उंच बरणी, फुटलेल्या सेटमधला उरलेला काचेचा जग, यातलं काहीही टेबल लॅम्पचा बुंधा होऊ शकतं. प्रत्यक्ष काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण बाटली धुऊन आतून पूर्ण वाळायला दोन दिवस जातात. पावसाळ्यात आणखी. तेवढी सवड धरून बेत करा. नवशिक्यांना सगळी धास्ती काचेला भोक पाडण्याची असते. घरी केलेले दिवे मात्र बहुतेक वेळा वायर नीट न धरल्यामुळे किंवा बल्ब कोंडल्यामुळे बिघडतात, म्हणून इथे भोकाइतकीच जागा वायरीला दिली आहे.

कोणती काच घ्यायची

२५ ते ३० सेंमी उंच, जड बुडाची, ३ ते ४ मिमी जाडीची बाटली पहिल्या दिव्याला चांगली. पातळ भिंतीच्या शोभेच्या बाटल्या दिसतात छान, पण भोक पाडताना तडकतात आणि शेडच्या वजनाने कलंडतात. बाटली उचलून बोटाने टिचकी मारा. टण्ण असा लांबणारा आवाज आला तर काच धड आहे. खट् असा बसका आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे. ती बाटली फुलं ठेवायला वापरा.

टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही. तयार करताना तिच्या पृष्ठभागात दाब आणि पोटात ताण कोंडलेला असतो. ड्रिलचं भोक पाडणारं टोक, म्हणजे बिट, त्या ताणापर्यंत पोचला की अख्खी वस्तू क्षणात चुरा होते. जाड न फुटणारे ग्लास, काही डिनर सेटमधल्या पांढऱ्या वाट्या, कढईची काचेची झाकणं यांत ही काच असू शकते. ओळखण्याची घरगुती युक्ती आहे: लॅपटॉपच्या स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, काच त्यासमोर धरा आणि पोलराइज्ड गॉगल घालून बघा. गॉगल थोडा फिरवला की ताण असलेल्या काचेत रंगीत पट्टे किंवा गडद ठिपके दिसतात. पट्टे ठळक असतील तर त्या वस्तूला ड्रिल लावू नका.

घरात काही नसेल तर आधी रद्दी-भंगारवाल्याकडे विचारा. जुन्या जाड बरण्या, हंड्या, कंदिलाच्या काचा हव्या असतील तर मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आहे. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात. होल्डर, वायर, प्लग हे लोहार चाळीत एका फेरीत मिळतं, आणि डायमंड बिट व बारीकसारीक हत्यारं शेजारच्या नागदेवी स्ट्रीटला. या फेरीत बाटली बरोबर न्या. मानेचं माप तोंडी सांगून आणलेला बूच हमखास चुकतो.

धुणं

गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून बाटली तासभर बुडवून ठेवा, लेबल सुटून येतं. पाणी गरम म्हणजे हाताला सोसेल इतकंच. थंड बाटलीत उकळतं पाणी ओतलं तर ती तिथेच तडकते. चिकट गोंद राहिला तर खोबरेल तेल आणि खायचा सोडा समप्रमाणात कालवून चोळा. लोणच्याच्या बरणीत तेलाचा अंश राहिला तर पुढे त्यावर धूळ बसून काच आतून धुरकट दिसते आणि एकदा होल्डर बसला की आत हात जात नाही. म्हणून वास पूर्ण जाईपर्यंत धुवा. पांढरे क्षार व्हिनेगरने निघतात. मग बाटली उलटी टांगून वाळवा.

सामान

• वायर: गोल, दुहेरी आवरणाची, दोन तारांची, ०.७५ चौ. मिमी तांब्याची, आयएसआय खुणेची, २ मीटर. ५ वॅटचा एलईडी बल्ब २३० व्होल्टवर जेमतेम ०.०२ अँपिअर ओढतो, त्यामुळे विजेच्या हिशेबात याहून बारीक वायरही चालेल. जाड वायर घ्यायची ती ओढाताण आणि घर्षण सोसण्यासाठी.

• होल्डर: पिनांचा बी२२, पूर्ण प्लास्टिकचा किंवा बेकेलाइटचा, खाली नळी बसण्यासाठी आटे असलेला आणि शेड धरायची रिंग असलेला.

• १० मिमीची आट्यांची पोकळ नळी, ४ ते ५ सेंमी लांब, दोन नट, दोन वायसर. आटे वेगवेगळ्या मापांचे येतात. दुकानातच होल्डर नळीवर फिरवून बघा.

• मानेत घट्ट बसणारा रबरी किंवा कॉर्कचा बूच.

• ३ पिनांचा ६ अँपिअरचा प्लग, वायरीवर बसणारा छोटा स्विच, रबरी ग्रोमेट (भोकात बसून वायरीला काचेच्या कडेपासून वाचवणारी रिंग), दोन-तीन झिप टाय.

• १२ मिमीचा डायमंड बिट, ४०० नंबरचा वॉटर पेपर, डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क.

नळी प्लास्टिकची मिळाली तर उत्तम. पितळेचीच मिळाली तर हिशेब बदलतो: हाताला लागू शकेल असा धातू दिव्यात आला, म्हणजे तीन तारांची वायर घ्यायची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची तार रिंग टर्मिनल लावून नळीच्या नटखाली आवळायची. हाच नियम पत्र्याच्या झाकणाला, पितळी होल्डरला, लोखंडी बैठकीला. धातू आला की अर्थिंग आलंच.

होल्डर पिनांचाच का? आट्यांच्या ई२७ होल्डरमध्ये फेजची तार मधल्या टोकाला आणि न्यूट्रल आट्यांच्या वाटीला जावी लागते. ती उलटली तर बल्ब फिरवताना बोट फेजला लागू शकतं. बी२२ मध्ये दोन्ही पिना सारख्याच, उलटसुलट होण्याचा प्रश्न नाही. शिवाय आपल्याकडे बहुतेक घरांत सुटे बल्ब पिनांचेच असतात.

दोन तारांच्या वायरीला तीन पिनांचा प्लग सुचवण्याचंही कारण आहे. दोन पिनांचा प्लग कसाही घुसतो, त्यामुळे वायरीवरचा स्विच कधी फेज तोडतो, कधी न्यूट्रल. दुसऱ्या वेळी दिवा विझतो पण होल्डर जिवंत राहतो. तीन पिनांच्या प्लगची दिशा पक्की असते. मात्र भिंतीतला सॉकेट बरोबर जोडलेला हवा: समोरून बघताना उजव्या भोकात टेस्टर पेटला पाहिजे. डाव्या भोकात पेटला तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

भोक

वायर बाहेर काढायचे दोन मार्ग आहेत. बुचाच्या वरून, म्हणजे मानेपाशीच आडवी काढली तर ड्रिल लागतच नाही. वायर बाटलीच्या पाठीमागून खाली सोडायची. घरात ड्रिल नसेल किंवा काच आजीच्या काळातली असेल तर हाच मार्ग घ्या. बुडाजवळच्या भोकातून वायर काढली की दिवा जास्त नेटका दिसतो, आणि कोणी वायर ओढली तरी ओढ खालून लागते, दिवा पटकन आडवा होत नाही.

भोकाची जागा टेबलापासून २५ ते ३० मिमी वर धरा. अगदी बुडाच्या वळणावर काच जाड आणि वाकडी असते, बिट घसरतो. बाटलीच्या तळाला आतून उंचवटा असेल तर भोक त्या उंचवट्याच्या वर घ्या, नाहीतर वायर वर सरकवताना अडते.

घमेल्यात किंवा परातीत ओला टॉवेल घडी करून ठेवा, त्यावर बाटली आडवी. ती हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी टॉवेलच्या गुंडाळ्या. खुणेभोवती कणकेचं किंवा मुलांच्या क्लेचं लहान आळं करा आणि त्यात चमचाभर पाणी घाला. बॅटरीवर चालणारा ड्रिल असेल तर तोच वापरा. वायरवाला ड्रिल असेल तर पाणी आळ्यापुरतंच ठेवा, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर पाण्याजवळ वायरवाला ड्रिल चालवू नका. ड्रिलचा हॅमर मोड बंद आहे ना, हे दोनदा तपासा.

डायमंड बिटला मधे टोक नसतं, त्यामुळे सरळ टेकवला की तो काचेवर नाचतो. सुरुवात साधारण ४५ अंशांत तिरपं धरून करा. चंद्रकोरीसारखी खाच पडली की हळूहळू ड्रिल उभा करा. वेग मिनिटाला ६०० ते ९०० फेरे. घरगुती ड्रिलवर वेगाचा आकडा दिसत नाही; ट्रिगर अर्ध्याहून कमी दाबला की साधारण तिथे येतो. दाब ड्रिलच्या वजनाचा, वर हाताचा फारसा नको. ३ मिमी काचेला तीन ते पाच मिनिटं लागतात. घाई करावीशी वाटते ती दुसऱ्या मिनिटाला, आणि काचा फुटतात त्याही तेव्हाच.

आळ्यातलं पाणी दुधासारखं पांढरं होत असेल तर काम बरोबर चाललं आहे. दर अर्ध्या मिनिटाने बिट उचला, पाणी बदला. पाणी आटून कोरडी पूड दिसली किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला तर लगेच थांबा. घर्षणाच्या उष्णतेने एकाच जागची काच फुगते, आजूबाजूची थंड राहते आणि तडा जातो. बिट नुसता घासतोय, पुढे जात नाही असं झालं तर हिऱ्याचे कण गुळगुळीत झालेत. ओल्या विटेच्या तुकड्यावर चार-पाच सेकंद चालवला की नवे कण उघडे पडतात.

आवाज पोकळ झाला म्हणजे बिट पार व्हायला आला. इथे दाब जवळजवळ काढून घ्या, नाहीतर आतल्या बाजूची काच कपचा होऊन निघते. भोकाची कड वॉटर पेपरची सुरळी करून, पाण्यातच, गोल घासा. काचेची पूड कोरडी झाडू नका. ओल्या कागदाने टिपा, कागदात गुंडाळा, त्यावर ‘काच’ लिहा आणि सुक्या कचऱ्यात वेगळं द्या. सफाई कामगाराचा हात त्या पिशवीत जातो. बाटली पुन्हा धुऊन वाळवा.

वायर आत घेणं

दोरा घ्या, एका टोकाला छोटा नट बांधा आणि मानेतून आत सोडा. तारेचा आकडा करून बुडाच्या भोकातून दोरा बाहेर ओढा. ग्रोमेट भोकात बसवा. वायरीचं टोक दोऱ्याला टेपने बांधून ग्रोमेटमधून वर, मानेतून बाहेर काढा. आता वर काढलेल्या वायरीवर, तिच्या टोकापासून बाटलीची उंची अधिक १५ सेंमी अंतरावर, झिप टाय करकचून आवळा आणि शेपूट कापा. वायर खालून परत ओढा. टाय आतून ग्रोमेटपाशी येऊन अडला पाहिजे. सरकला तर शेजारी दुसरा बांधा. पुढे कोणाच्या पायात वायर अडकली तर ओढ या टायवर येईल, होल्डरच्या स्क्रूवर येणार नाही.

बाटलीच्या पोटात वायरीचा जोड ठेवू नका. वायर कमी पडली तर नवी अखंड घ्या. काळी टेप मुंबईच्या दमट उन्हाळ्यात गोंद सोडते, आणि काचेतून ती दिसतेही भयंकर.

आता बुचाला मधोमध नळीच्या मापाचं भोक पाडा आणि वायर त्यातून आणि नळीतून वर घ्या. नळी बुचात, खाली-वर वायसर आणि नट. नट हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा. जास्त आवळला तर बूच फुगून मानेवर दाब येतो.

होल्डर जोडणं

१. बाहेरचं आवरण ५ सेंमी सोला. आतल्या तारांच्या आवरणाला ब्लेड लागता कामा नये. लागलं तर तेवढा तुकडा कापून पुन्हा सोला.

२. होल्डरची खालची टोपी आधीच वायरीत ओवून नळीवर फिरवा. हे विसरलं की सगळं उलगडावं लागतं.

३. टोपीत जागा असेल तर दोन तारांची गाठ घाला. डाव्या तारेचा फास करून तिचं टोक वायरीच्या पुढून उजवीकडे न्या. उजव्या तारेचं टोक त्या टोकावरून आणून वायरीच्या मागून डावीकडे न्या आणि डाव्या फासातून पुढे काढा. दोन्ही टोकं ओढली की चपटी गाठ बसते. जागा नसेल तर वायर पकडणारी क्लिप असलेला होल्डर घ्या.

४. टोकं ८ मिमी उघडी करा, तांब्याचे धागे पिळून दुमडा, स्क्रूखाली घाला. एकही धागा बाहेर लोंबता कामा नये. टोकांना शिसं लावून स्क्रूखाली देऊ नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो आणि तिथे गरम व्हायला लागतं.

५. स्विच वायरीच्या मध्यावर, हाताला येईल तिथे. त्यात फक्त फेजची तार, म्हणजे तपकिरी किंवा लाल, तोडायची. निळी किंवा काळी अखंड जाऊ द्या.

६. प्लगमध्ये फेज ‘एल’ला, न्यूट्रल ‘एन’ला. दोन तारांच्या वायरीत अर्थिंगची पिन रिकामी राहते. प्लगमधली पकड वायरीच्या बाहेरच्या आवरणावर आवळा, आतल्या तारांवर नाही.

बरणी असेल तर

बरणीचं तोंड ८-१० सेंमी रुंद, त्याला बूच चालत नाही. १२ मिमी प्लायच्या दोन चकत्या सुताराकडून कापून घ्या: एक तोंडावर टेकणारी, दुसरी आत जाणारी. आतली तोंडापेक्षा ४ मिमी लहान असू द्या आणि तिच्या कडेला फेल्टची किंवा रबराची पट्टी चिकटवा. अगदी मापात बसवलेली चकती उन्हाळ्यात छान दिसते. जुलैत लाकूड ओल पिऊन फुगतं आणि बरणीची मान चिरते. चकत्यांना सगळ्या बाजूंनी, भोकाच्या आतूनही, पॉलिशचे दोन हात द्या.

वजन आणि शेड

वायर बसल्यावर पोटात धुऊन कोरडे केलेले नदीचे गोटे किंवा काचेच्या गोट्या एक तृतीयांशापर्यंत भरा. बाटली तिरपी धरून घरंगळत सोडा, वरून टाकू नका. चौपाटीवरची वाळू घेऊ नका. ती उचलणं योग्य नाही, आणि तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढत राहून काच आतून घामेजते.

शेडचा खालचा व्यास साधारण बाटलीच्या उंचीएवढा आणि उंची तिच्या दोन तृतीयांश धरली की प्रमाण बरं दिसतं. विकत घेताना मधल्या कड्याचं भोक बघा: बी२२ला साधारण २८ ते ३० मिमी, ई२७ला सुमारे ४० मिमी. मोठ्या भोकाची शेड बी२२वर बसवायला मधे रिंग लागते, आणि ही चूक दुकानात कोणी सांगत नाही. बल्ब ५ वॅट, २७०० किंवा ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, बल्ब आणि कापडात सगळीकडून किमान ५ सेंमी मोकळं. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब या दिव्यात नको. शेड करपते, बूच सुकून तडकतो.

शेड बसल्यावर दिवा एका बाजूने दोन बोटं उचलून सोडा. तो डुलून परत सरळ उभा राहिला पाहिजे. कलंडायला लागला तर गोटे वाढवा किंवा शेड लहान करा.

बल्ब काचेच्या आत हवा असेल तर

चित्रांत हाच प्रकार जास्त दिसतो आणि लवकर बंदही हाच पडतो. एलईडी बल्बच्या बुडात त्याचं सर्किट असतं. बंद बरणीत गरम हवा तिथेच कोंडते आणि आतला कपॅसिटर सुकतो. म्हणून कित्येक बल्बच्या खोक्यावर बंद आवरणात वापरू नका असं छापलेलं असतं. बरणी उघडी ठेवा किंवा झाकणाला ६ मिमीची सहा-आठ भोकं पाडा, आणि ३-४ वॅटच्या वर जाऊ नका. मुलांबरोबर करायचं असेल तर २३० व्होल्टच्या वाटेला जाऊच नका: ५ व्होल्टची यूएसबीवर चालणारी तांब्याच्या तारेची बारीक दिव्यांची माळ बरणीत सोडा, काम झालं. दिवाळीत ती रांगोळीजवळही निर्धास्त ठेवता येते. बटण सेलवर चालणारी माळ मात्र लहान मूल असलेल्या घरात नको. तो सेल गिळला गेला तर घशाला गंभीर भाजतं.

पहिल्यांदा लावताना

प्लग लावण्याआधी, बल्ब न बसवता आणि दिव्याचा स्विच चालू ठेवून, मल्टिमीटरने प्लगच्या ‘एल’ आणि ‘एन’ पिनांमध्ये तपासा. बीप वाजला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा होल्डरमधला एखादा सुटा धागा. मल्टिमीटर नसेल तर इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो. त्यावर लावल्यावर शॉर्ट असेल तर बोर्डावरचा बल्ब पूर्ण पेटतो, फ्यूज उडत नाही. मग बाटली हाताने धरून वायर जोरात ओढा, दोन लिटरची पाण्याची बाटली लटकावल्याइतकी. काही सरकलं तर टाय पुन्हा बांधा.

दिवा दोन तास सलग ठेवा, समोर बसून. होल्डर कोमट लागेल. हात ठेववत नसेल किंवा प्लास्टिक वितळल्यासारखा वास आला तर प्लग काढून होल्डरचे स्क्रू बघा. दिवा लुकलुकत असेल तर बहुतेक वेळा होल्डरच्या दोन पिनांच्या स्प्रिंगा दबलेल्या असतात. तो होल्डर बदला, स्प्रिंग खेचून दुरुस्त करत बसू नका. वरळी, वर्सोवा, माहीमसारख्या समुद्राजवळच्या घरांत लोखंडी स्क्रू एका पावसाळ्यात गंजतात, तिथे पितळीच घ्या आणि दरवर्षी गणपतीच्या आवराआवरीत होल्डर एकदा उघडून बघा. बल्ब बदलताना किंवा काच पुसताना स्विच बंद करण्यावर भागवू नका, प्लग काढा.